नापाससाहेबांचा पिवळा मासा

पंख्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात ज्यांनी उभी हयात घालवली, त्या गृहस्थांना तिथे नावानं कुणी ओळखायचं नाही. सगळे त्यांना नापाससाहेब म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘साहेब’, पाठ वळली की पुढचं. तयार पंखा टेबलावर आला की ते आधी चष्मा पुसायचे, मग पंखा सुरू करून डोळे मिटून ऐकायचे, आणि चेहऱ्यावर अशी काही कळा यायची की पंखा जोडणारा आधीच पाना हातात घ्यायचा.

“आवाज येतोय.”

“साहेब, पंखा आहे, आवाज येणारच की.”

“असा नाही येत.”

झालं! लाल चिठ्ठी चिकटली, पंखा परत. बरं, माणूस खोटा नव्हता हो. त्यांनी नापास केलेल्या पंख्यात खरंच काहीतरी असायचं. पण असं काहीतरी कशात नसतं, मला सांगा.

यथावकाश साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते त्यांनी तिथेच, व्यासपीठावर, सगळ्यांच्या देखत कानाला लावलं. “ठीक आहे,” असं ते शेवटी म्हणाले तेव्हा घड्याळ आणणाऱ्या कारकुनाचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात लोक शिट्ट्या वाजवत काम करायला लागले म्हणतात. आणि इकडे तपासणी खात्याचा अख्खा कारभार घरी हलला. घरात माल तयार करणारी एकटी बायको.

त्या माउलीचे काय हाल झाले असतील ते वेगळं सांगायला नको. चहा जरा कडक, पोळी एका अंगाला जरा जाड, दाराची कडी जरा सैल. प्रत्येक वाक्यात तो ‘जरा’ असायचाच. ओरडणं नाही, शिव्या नाहीत, हात उगारणं तर लांबच. तक्रार करायची तर ती तरी काय करणार? नवरा घरातल्या वस्तूंकडे लक्ष देतो अशी? शेजारणी उलट म्हणायच्या, “नशीबवान आहात बाई, आमचे हे तर पेपरातून डोकं वर काढत नाहीत.” ती कसंनुसं हसायची.

शेवटी परगावी दिलेल्या मुलीनं फोनवर बापाला बजावलं, “बाबा, काहीतरी छंद धरा, आणि आईला सोडा.” मुलीचं त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं, पण या वेळी ऐकलं. माशांच्या दुकानात गेले. दुकानदार जाडजूड, घामेजलेला, सदा घाईत. त्यानं आधी गोड्या पाण्याचे मासे दाखवले. “हे बरे, साहेब. पाणी भरा, दाणे टाका, विसरून जा.” विसरून जा म्हटल्यावर साहेबांनी तोंडच फिरवलं. मग त्यानं खाऱ्या पाण्याची टाकी दाखवली. यात मीठ मोजून घालायचं, पाण्याचा खारेपणा डोळ्याला लावायच्या नळीतून बघायचा, छोट्या बाटल्यांतले थेंब टाकून रंग तक्त्याशी जुळवायचे, ऊब राखायची, पंप तपासायचे. साहेबांचे डोळे चमकले. एवढी तपासणी असलेला दुसरा छंद जगात नसेल, आणि तो त्यांना या वयात सापडला होता.

टाकी बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या भिंतीला आली. तळाशी पांढरी वाळू, मधे दगडांचा ढीग, त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन जोकर मासे. हे दोघे भलतेच निगरगट्ट. साहेबांनी रोज डोळा लावून बघावं, त्यांनी बिनदिक्कत शेपट्या हलवाव्यात. टाकीत पाणी कमी झालं की साहेब बरोबर गोडं पाणीच भरायचे, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. हे त्यांनी बायकोला इतक्यांदा समजावलं होतं की ती झोपेतही बोलली असती. आता ते बायकोला सोडतील असं मुलीला वाटलं होतं. पण साहेब जुने अधिकारी. दोन्ही खाती सांभाळायला लागले.

मग पडद्यांचं प्रकरण झालं. तिनं बैठकीच्या खोलीसाठी पडदे शिवले. महिनाभर दुपारची झोप सोडून, चांगलं फिकट निळं कापड आणून, स्वतः. पडदे लावले, स्टुलावरून उतरली आणि कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. साहेब टेप घेऊन आले. डावा पडदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. कारखान्यातून निघताना त्यांनी लाल चिठ्ठ्यांचं एक पाकीट आठवण म्हणून आणलं होतं; त्यातली एक त्यांनी काढली आणि पडद्याला चिकटवली. गंमत म्हणून! देवाशपथ, गंमत म्हणून. स्वतःच हसलेसुद्धा.

ती हसली नाही, रडली नाही. सकाळी बॅग भरून म्हणाली, “चार दिवस लेकीकडे जाऊन येते.”

चार दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचा महिना. भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायचं तरी काय? साहेब फोन करायचे. “कधी येतेस?” “बघू.” हे ‘बघू’ ऐकलं की ते टाकीपुढे जाऊन बसायचे. ती परत येईल की नाही, एवढा एकच प्रश्न आता त्या घरात उरला होता. पोळी आता दोन्ही अंगांनी जाड होत होती, कारण ते स्वतः लाटत होते, आणि नापास करायला कुणी नव्हतं.

अशात त्यांना आठवण झाली. मागे एकदा ती त्यांच्याबरोबर दुकानात आली होती आणि एका टाकीसमोर खिळून उभी राहिली होती. बोटभर लांबीचा मासा, लिंबासारखा पिवळाधमक. “अहो, घेऊ या की हा.” साहेब वाकले, बघितलं आणि म्हणाले, “शेपटीला बाक आहे.” विषय संपला होता.

आता ते एकटे त्या दुकानात गेले आणि तसलाच पिवळा मासा घेतला. शेपटीकडे बघितलंच नाही. म्हणजे बघितलं, पण बोलले नाहीत. पिशवीतल्या माशाचा फोटो काढून बायकोला पाठवला. लगेच उत्तर आलं, “अगं बाई! तोच का? येते बघायला. येत्या शनिवारी जमतंय का बघते.” साहेबांना खुर्चीत बसावं लागलं. लोक मासा धरायला गळ टाकतात. या माणसानं बायको आणायला मासा टाकला होता, आणि गळ चक्क हलला होता.

आता काम सोपं होतं. मासा शनिवारपर्यंत टाकीत हिंडता-फिरता ठेवायचा. साहेबांनी पिशवी टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवली, ऊब सारखी होऊ दिली, वाटीवाटीनं टाकीचं पाणी पिशवीत घातलं, सगळं शिस्तीत. मग मासा सोडला. माशानं एक गिरकी घेतली, दगडांमागच्या फटीत शिरला आणि तिथेच बसला. श्वास धापा टाकल्यासारखा. साहेबांनी दाणे टाकले, जोकरांनी मटकावले. संध्याकाळी टाकले; जोकरांनी मटकावले. दुसऱ्या दिवशीही तेच. पिवळा मासा फटीत, कल्ले भराभर हलतायत, खाण्याकडे ढुंकून बघत नाही.

साहेब बाटल्या घेऊन बसले. खारेपणा बघितला: बरोबर. ऊब: बरोबर. थेंब टाकून पाण्यातलं विष तपासलं: शून्य. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत का म्हणून बॅटरी मारून बघितलं: एकही नाही. सगळं पास! आयुष्यात पहिल्यांदा सगळं पास झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना रडू यायचं बाकी राहिलं. कारण दोष सापडला तर दुरुस्ती करता येते. दोषच नाही आणि माल चालत नाही, याला करायचं काय?

दुकानदाराला फोन लावला.

“पाणी बदला साहेब.”

“पाणी उत्तम आहे.”

“तरी बदला. मीठ आहे ना घरी? नाहीतर पाठवू?”

या गृहस्थाकडे कुठल्याही आजारावर हे एकच औषध होतं, आणि ते त्याच्याच दुकानात मिळायचं. साहेबांनी फोन ठेवला आणि तरी थोडं पाणी बदललं. न जाणो!

मग त्यांचा संशय जोकरांवर गेला. हे दोन गुंड नव्याला त्रास देत असणार. मधे जाळी उभी केली. मासा फटीतच. जाळी काढली. दिवा प्रखर असेल, म्हणून दिवा मंद केला. मग मंद दिव्यात मासा नीट दिसेना, म्हणून बॅटरी मारली. प्रवाह जोरात असेल, म्हणून पंप वळवला. फटीत कोंडला गेला असेल, म्हणून बाही कोपरापर्यंत सारून हात घातला आणि दगडच बाजूला केले. मासा उघड्यावर आला आणि कोपऱ्यात काचेला तोंड लावून थरथरत उभा राहिला. साहेब खुर्ची ओढून काचेच्या दुसऱ्या बाजूला बसले. तोंडासमोर तोंड. चष्मा पुसून बघायला लागले. हात धुऊन मागे लागणं म्हणतात ना, तसलं. हे तर हात ओले करून मागे लागले होते.

संध्याकाळी बायकोचा फोन. “मासा कसा आहे हो?”

“ठणठणीत!”

“दाखवा ना जरा.”

साहेबांनी फोन टाकीकडे वळवला. “हे बघ जोकर. तो दगडामागे आहे. खेळतोय.”

“नवीन जागा आहे, बुजला असेल हो,” ती म्हणाली.

“बुजायला काय झालंय? सगळं एक नंबर आहे इथं. मी स्वतः तपासलंय.”

मग ती म्हणाली, “हो. तुम्ही तपासलं म्हणजे असेलच,” आणि फोन ठेवला. तिच्या बोलण्यात काही बोच होती का, हे साहेबांना कळलं नाही. कुठल्या पात्याचा आवाज आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस, पण बायकोच्या आवाजापाशी गाडी नेहमी अडायची.

आणि शुक्रवारी सकाळी मासा गायब.

कोपऱ्यात नाही, दगडामागे नाही, पंपात नाही, टाकीबाहेर जमिनीवर नाही. मेला असणार, वाळूवर पडला असणार, वाळूखाली गेला असणार. मेलेला मासा पाण्यात राहिला तर पाणी नासेल, ही झाली तपासनिसाची चिंता. माणसाची चिंता वेगळीच होती. उद्या शनिवार, ती येणार, आणि तिला दाखवायला टाकीत काय? जोकर? ते काय तिनं आधी बघितले नव्हते?

स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा डाव आणला आणि ते वाळू उपसायला लागले. एका टोकापासून, शिस्तीत, एकेक पट्टा. मधोमध आले आणि वाळूतून पिवळी ठिणगी उडाली! मासा जिवंत होता. वाळूत डोकं खुपसून निजला होता बिचारा. काचेवर आपटला, वळला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा सूं करून वाळूत शिरला. “आहे! आहे!” साहेब रिकाम्या घरात एकटेच ओरडले. आनंदानं त्यांच्या हातातला डाव खाली पडला.

पण शिरता शिरता तो एक क्षण काचेजवळून गेला होता, आणि साहेबांची नजर ती नजर. माशाच्या उजव्या कुशीवर ताजा ओरखडा होता. खवले निघून आतलं पांढुरकं दिसत होतं. डावाची कड लागली होती. एवढ्या तपासण्या केल्या, त्यात माशात सापडलेला हा पहिला आणि एकमेव दोष, आणि तो साहेबांनी स्वतः घातलेला. त्यांना इतकी लाज वाटली की टाकीसमोर उभं राहवेना. ओल्या हातानंच ते स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला आणि दाराआडच्या पाटावर बसून राहिले.

चहा पिता पिता सहज दाराच्या फटीतून नजर गेली. वाळू हलली. आधी तोंड, मग डोळे, मग सगळा मासा वर आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पोहला की हो! छान पोहला, वर आला, खाली गेला, दगडाला वळसा घातला. सकाळचा एक दाणा जोकरांच्या नजरेतून सुटून तरंगत होता, तो त्यानं गट्ट केला. साहेब धडपडून उठले, बघायला बाहेर आले, आणि मासा वाळूत.

साहेब आत गेले. थोड्या वेळानं मासा वर. साहेब बाहेर आले, मासा खाली. आता हाडाचा तपासनीस एका निकालावर कधी विश्वास ठेवतो होय? पुन्हा आत, पुन्हा बाहेर. हळूच पाय न वाजवता बाहेर. मोलकरीण केर काढायला आली तर तिला टाकीपुढून इकडून तिकडून चालवलं. तिला बघून मासा बिथरला नाही. ती टाकीखालचा केर काढत होती आणि हा वरून तिच्या झाडूकडे बघत होता. “गोड आहे हो,” म्हणाली आणि गेली. साहेब दिसले की मात्र खाली. निकाल स्वच्छ होता. पाणी पास, दिवा पास, जोकर पास, मासाही पास. नापास एकच वस्तू होती, आणि ती पाटावर बसून गार झालेला चहा पीत होती.

याचं त्यांना वाईट वाटलं, पण फार नाही. मासा तो मासा. रोज काचेला नाक लावून बसणारा, मधूनच हात घालणारा माणूस त्याला राक्षस वाटला असेल. काही दिवस समोर जायचं नाही म्हणजे झालं. हे एकदा ठरल्यावर त्यांनी उत्साहानं मुलीला फोन लावला.

मुलीनं फोन उचलला आणि तिच्या ‘हॅलो’च्या आधी त्यांना मागून हसू ऐकू आलं. मोठ्यानं, पोट धरून, मधेच श्वास अडकणारं हसू. कुणाचं हे त्यांना आधी ओळखताच येईना. मग ओळखलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ती असं हसायची.

“आई, बाबांचा फोन,” मुलगी म्हणाली.

हसू थांबलं. नळ बंद केल्यासारखं, तिथल्या तिथे. मग घसा साफ केल्याचा आवाज, आणि तिचा तो शांत, सपाट, घरातला आवाज. “हां, बोला. मासा कसा आहे?”

साहेबांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. ज्या माणसाला आत-बाहेर करून निकाल लावायची सवय, त्याला आता वेगळी तपासणी करायची गरजच नव्हती. तो निकाल त्यांच्या घरात कित्येक वर्षं लागलेला होता.

“अहो, ऐकताय ना? कसा आहे मासा?”

ठणठणीत म्हटलं असतं तर खोटं नव्हतं. उद्या ती आलीही असती. पण साहेबांच्या तोंडून निघालं ते दुसरंच. “मासा चांगला आहे गं. मी समोर असलो की खात नाही. बाहेरच येत नाही. मी आत गेलो की येतो, खेळतो, खातो. मला वाटलं आजारी आहे. मीच खोटं बोललो तुझ्याशी. आणि डावानं खरचटवलंसुद्धा मी त्याला.”



“मग आता?” तिनं विचारलं.

“मग काय. मी आतच बसतो. पाटावर.”

“दिवसभर?”

“तो बाहेर असतो तोवर.”

साहेबांना वाटलं, आता ‘बघू’ येणार. ते म्हणाले, “तुला राहायचं असेल तर राहा तिथं. हसत होतीस. मी ऐकलं.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. बायकोचा निरोप न घेता फोन ठेवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

शनिवारी फोन नाही, निरोप नाही. साहेबांनी सकाळीच लांबून हात करून दाणे टाकले आणि पाटावर जाऊन बसले. दुपारी जेवले तेही पाटावरच. उन्हं कलली तेव्हा बाहेरच्या कुलपात किल्ली फिरली. साहेब उठायला गेले आणि तसेच थांबले. गुडघ्यांवर हात ठेवून पुन्हा बसले.

दार उघडलं. चपला काढल्याचा आवाज. बॅग दाराशीच टेकवल्याचा आवाज. मग पावलं टाकीपर्यंत आली आणि थांबली. बराच वेळ काहीच नाही. आणि मग तिचा आवाज, साहेबांशी बोलतानाचा नव्हे, दुसराच, लाडाचा: “अगं बाई! आलास का वर? ये, ये. इकडे ये, बघू तुला. कुठे लागलं रे बाळा?”

ती माशाशी बोलत राहिली. काय काय सांगत होती. गाडीत कोण भेटलं, नातीनं निघताना कसा गोंधळ घातला. मधेच हसली, ते पोट धरून नव्हे, छोटंसं. साहेब श्वास धरून ऐकत होते. गाडीची वेळ ती चुकीची सांगत होती. ती गाडी त्या वेळेला सुटतच नाही. ते त्यांच्या जिभेवर आलं आणि त्यांनी गिळलं.

“अहो,” ती बाहेरूनच म्हणाली, “आहात ना आत?”

“आहे.”

“बसा. एवढ्यात येऊ नका. खातोय तो.”

“बरं,” साहेब म्हणाले.

मग ती दाराशी गेली. बॅग उचलून पुन्हा बाहेर जाते की काय, या विचारानं साहेबांनी पाट घट्ट धरला. बॅगेची चाकं फरशीवर फिरली आणि आतल्या खोलीकडे निघाली. त्यातलं एक चाक भयंकर करकरत होतं, थेंबभर तेल मागत होतं. साहेबांनी डोळे मिटून तो आवाज शेवटपर्यंत ऐकला आणि काही बोलले नाहीत.